कोंबडीच्या पायांची साक्ष

भारताच्या विधी आयोगाने जुलै २०१७ मध्ये आपला २६९ वा अहवाल केंद्र सरकारला सादर केला. न्या. बी. एस. चौहान हे त्या वेळी आयोगाचे अध्यक्ष होते आणि अहवालाचा विषय होता अंडी देणाऱ्या व मांसासाठी पोसल्या जाणाऱ्या कोंबड्यांची निगा आणि वाहतूक. मोठमोठ्या कायद्यांचा ऊहापोह करणाऱ्या आयोगाने कोंबड्यांच्या खुराड्यात डोकावून पाहावे, याचे कोणास नवल वाटण्याचा संभव आहे. परंतु आकडे पाहिले म्हणजे ते नवल उरत नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील कुक्कुटपक्ष्यांची संख्या ८५ कोटी १८ लाख भरली. त्यांपैकी ५३ कोटी ४७ लाख पक्षी परसातले नव्हते. ते व्यापारी फार्मवरचे होते. शिवाय ही मोजदाद एका वेळी हयात असलेल्या पक्ष्यांची झाली. मांसासाठी पोसलेल्या कोंबडीचे, म्हणजे ब्रॉयलरचे, आयुष्य जेमतेम सहा आठवड्यांचे असते. एक तुकडी विकली जाते, शेड धुऊन नवा तूस अंथरला जातो आणि थोड्याच दिवसांत दुसरी तुकडी येते. तेव्हा वर्षाकाठी जन्मणाऱ्या आणि मरणाऱ्या पक्ष्यांची संख्या पशुगणनेतील आकड्याच्या कितीतरी पट होते. देशात तयार होणाऱ्या मांसापैकी सुमारे निम्मे मांस आज कोंबडीचे आहे.

या अफाट संख्येने येणाऱ्या जीवांचे सहा आठवडे कसे जातात, हे पाहण्याची जबाबदारी कोणाची? आणि ‘पाहणे’ म्हणजे नेमके काय पाहणे? आपल्याकडे या पक्ष्यांवर देखरेख नसते, असे म्हणता येणार नाही. ती दिवसातून अनेकदा होते. खाद्य किती गेले, वजन किती वाढले, किती पक्षी मेले, याची नोंद शेडच्या दाराशी टांगलेल्या कार्डावर रोज होते. परंतु ही देखरेख हिशेबासाठी असते, पक्ष्याच्या क्षेमासाठी नव्हे. मेलेला पक्षी त्या कार्डावर येतो. लंगडा पक्षी येत नाही. प्रश्नाचे मर्म या एका भेदात आहे.

वाढते वजन, दुबळे पाय

आजची ब्रॉयलर कोंबडी ही निसर्गाने दिलेली कोंबडी नव्हे. गेल्या पाऊण शतकातील निवड पद्धतीच्या पैदाशीने ती घडविली आहे. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात १९५७, १९७८ आणि २००५ या तीन काळांतील वाणांचे पक्षी एकाच प्रकारच्या खाद्यावर शेजारी शेजारी वाढविण्यात आले. २०१४ मध्ये या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. छप्पन्नाव्या दिवशी १९५७ च्या वाणाचा पक्षी सरासरी ९०५ ग्रॅम भरला, १९७८ चा १,८०८ ग्रॅम आणि २००५ चा ४,२०२ ग्रॅम. खाद्य तेच, दिवस तेवढेच, वजन मात्र साडेचार पटींहून अधिक. कोंबडीचे मांस सामान्य माणसाच्या आवाक्यात आले याचे बरेचसे श्रेय या वाढीला आहे, हे नाकारण्याचे कारण नाही.

तथापि या वेगाची किंमत कोणी तरी मोजतच असते. छातीचे मांस झपाट्याने वाढते आणि शरीराचा तोल पुढे झुकतो; अपुऱ्या वाढीच्या हाडांना तो भार पेलवत नाही. १९९२ मध्ये ब्रिटनमधील ब्रिस्टल येथील संशोधकांनी कोंबडीच्या चालीला गुण देण्याची एक साधी पद्धत सुचविली. निर्दोष चालीला शून्य आणि मुळीच चालता न येणाऱ्या पक्ष्याला पाच, अशी ती श्रेणी आहे. तीच पद्धत वापरून ब्रिटनमधील १७६ तुकड्यांतील ५१ हजार पक्ष्यांची पाहणी करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. सरासरी चाळीस दिवसांच्या या पक्ष्यांपैकी २७.६ टक्के पक्ष्यांची चाल सदोष आढळली आणि ३.३ टक्के पक्ष्यांना चालणे जवळजवळ अशक्य झाले होते. फार अधू झालेले पक्षी वेळीच वेगळे काढण्याची पद्धत तेथे असूनही ही अवस्था होती. यांतील बहुसंख्य पक्षी हिशेबाच्या दृष्टीने उत्तमच होते. ते मेले नव्हते, त्यांचे वजन भरले होते आणि त्यांना पूर्ण भाव मिळणार होता.

युरोपचा धडा

कोंबडीच्या हालांचा विचार ही युरोपची जुनी परंपरा आहे, असे मानण्याचे कारण नाही. १९६४ मध्ये रूथ हॅरिसन या इंग्रज बाईंनी ‘अ‍ॅनिमल मशीन्स’ हे पुस्तक लिहून कारखानदारी पशुपालनाचे चित्र लोकांपुढे मांडले तेव्हा तेथेही खळबळ उडाली. ब्रिटिश सरकारला प्रा. ब्रॅम्बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. समितीचा अहवाल १९६५ मध्ये आला. त्यातूनच पुढे १९७९ मध्ये ‘पाच स्वातंत्र्यां’ची कल्पना साकार झाली. भूक व तहान, अस्वास्थ्य, वेदना व रोग आणि भय यांपासून मुक्तता, तसेच आपल्या जातीच्या स्वाभाविक वर्तनाची मोकळीक, अशी ही स्वातंत्र्ये आहेत. तत्त्व सांगणे सोपे असते. ते पाळले जाते की नाही हे पाहणे अवघड असते. युरोपचा धडा घ्यावयाचा तो या दुसऱ्या भागापुरता.

युरोपीय संघाने २००७ मध्ये मांसल कोंबड्यांविषयी स्वतंत्र निर्देश काढला व तो ३० जून २०१० पासून लागू झाला. एका चौरस मीटर जागेत ३३ किलोपेक्षा अधिक वजनाच्या कोंबड्या ठेवू नयेत, हा त्याचा मूळ नियम. हवेतील अमोनियाचे प्रमाण दशलक्षांश २० च्या आणि कर्बवायूचे ३,००० च्या आत राखले, तापमान आणि दमटपणा काबूत ठेवला, तर ही मर्यादा ३९ किलोपर्यंत जाते. लागोपाठ किमान सात तुकड्यांतील मरतुक ठरावीक प्रमाणाच्या खाली राहिली, तर ती ४२ किलोपर्यंत वाढविता येते. प्रत्येक पक्षी दिवसातून किमान दोनदा नजरेखालून जावा आणि चोवीस तासांत किमान सहा तास अंधार असावा, त्यांतले चार तास सलग असावेत, असेही बंधन आहे.

या निर्देशातील सर्वांत मार्मिक तरतूद मात्र शेडमधली नाही. ती कत्तलखान्यातली आहे. दाट ठेवलेल्या तुकडीबरोबर तिच्या मरतुकीचा तक्ता कत्तलखान्यात जावा लागतो. तेथील सरकारी पशुवैद्य मेलेल्या पक्ष्यांवर त्वचादाह, परोपजीवी जंतू, सर्वांगात पसरलेला आजार यांच्या खुणा नेहमीपेक्षा अधिक आहेत काय, हे पाहतो. तशा आढळल्या तर फार्मच्या मालकाला आणि अधिकाऱ्यांना कळवितो. स्वीडन आणि डेन्मार्क या देशांनी तर या निर्देशाच्या आधीपासूनच कोंबडीच्या तळपायाला गुण देण्यास आरंभ केला होता. तुकडीतील ठरावीक पाय तपासावयाचे आणि प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन असा गुण द्यावयाचा. बेरीज मर्यादेबाहेर गेली की फार्मवर विचारणा होते.

पायच का? शेडमधील तूस ओला झाला की विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि ओल व अमोनिया मिळून पक्ष्याच्या तळपायाला व गुडघ्याला पोळतात. प्रथम डाग पडतो, मग खपली धरते आणि पुढे व्रण होतो. निरीक्षक येणार म्हणून आदल्या दिवशी तूस बदलता येतो, पंखे लावता येतात, वहीही नीट लिहून ठेवता येते. व्रण मात्र एका रात्रीत भरून येत नाही. पाण्याची नळी कितीदा गळली, पडदे कितीदा वेळेवर उघडले नाहीत, याची नोंद पक्ष्याच्या पायावर होऊन राहते. ज्या साक्षीदाराला बोलता येत नाही, त्याच्या अंगावरच साक्ष लिहिलेली असते, हे या पद्धतीमागचे साधे सूत्र आहे.

जागेच्या मापावर सारा भर देणाऱ्यांना शास्त्रानेही एक इशारा दिला आहे. ऑक्सफर्डच्या प्रा. मेरियन डॉकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा मोठ्या उत्पादकांच्या ११४ शेडमधील २७ लाख पक्ष्यांची पाहणी केली. दाटीपेक्षा शेडमधील हवा, ओल व तापमान यांचा पक्ष्याच्या प्रकृतीवर अधिक परिणाम होतो, असा त्यांचा निष्कर्ष २००४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दाटीला काहीच महत्त्व नाही, असा याचा अर्थ नव्हे. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये तर चौरस मीटरला ११ किलो आणि दिवसाला ५० ग्रॅम वाढ यांपलीकडे जाऊ नये, असा सल्ला दिला. म्हणजे प्रचलित कायदा आणि शास्त्राचे मत यांत तेथेही मोठी दरी आहे. प्राणिकल्याणाचे कायदे नव्याने लिहिण्याचा संकल्प सोडूनही युरोपीय आयोगाने २०२३ अखेर पशुवाहतुकीविषयीचा प्रस्ताव तेवढा मांडला. फार्मवरील पशूंचा प्रश्न मागेच राहिला. तेव्हा युरोपकडून नियमांची नक्कल घ्यावयाची नाही. पाहण्याची रीत घ्यावयाची आहे.

कायदा आहे, नजर नाही

भारतात कायदा नाही असे नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे आणि पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राण्यास कोंडणे हा त्याच्या अकराव्या कलमाखाली गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये जल्लीकट्टूच्या खटल्यात पाच स्वातंत्र्यांचा उल्लेख करून ती याच कायद्यात अभिप्रेत असल्याचे म्हटले. प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य असल्याचे बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्येच नमूद करून ठेवले आहे. परंतु अकराव्या कलमाखालील पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे! एका ब्रॉयलर कोंबडीची किंमतदेखील त्याहून अधिक असते. दंड वाढविण्याचा एक मसुदा केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांपुढे ठेवला होता. विधी आयोगाने आपल्या अहवालाला ब्रॉयलरसाठीच्या नियमांचा वेगळा मसुदाही जोडला होता. मसुद्यांची आपल्याकडे वाण नाही.

खरी अडचण वेगळी आहे. युरोपमधील देखरेख कत्तलखान्याच्या एका अरुंद दारावर उभी आहे. देशातील जवळजवळ प्रत्येक पक्षी त्या दारातून जातो. आपल्याकडे ते दारच नाही. महाराष्ट्रात बहुतेक ब्रॉयलर जिवंत विकला जातो. रात्री फार्मवर गाडी लागते, पक्षी पाय धरून उचलले जातात, वजन होते, जाळ्या भरतात आणि पहाटे शहरांतील गल्लोगल्लीच्या दुकानांतून ते उतरतात. गिऱ्हाइकापुढे कोंबडी कापली जाते. पाय टोपलीत जातात. त्या पायांवर काय लिहिले होते, ते वाचण्यास तेथे कोणी पशुवैद्य नसतो. एका तुकडीचे पाच हजार पक्षी पन्नास दुकानांत पांगतात आणि साक्षही त्यांच्याबरोबर पांगते.

दुसरी गोष्ट जागेची. आपल्या उघड्या बाजूंच्या, पडदे लावलेल्या शेडमध्ये एका पक्ष्याला सामान्यतः एक ते सव्वा चौरस फूट जागा दिली जाते. दोन-सव्वादोन किलोच्या पक्ष्याचा हिशेब केला तर हे प्रमाण चौरस मीटरला २५ किलोच्या आत येते, म्हणजे युरोपच्या मर्यादेहूनही सैल. तेव्हा युरोपचा ३३ किलोचा नियम जसाच्या तसा आणला, तर आपले बहुतेक फार्म काहीही न बदलता उत्तीर्ण होतील आणि पक्ष्यांचे हाल होते तसेच राहतील. येथील दुखणे वेगळे आहे. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाडा-विदर्भात पारा चाळिशीच्या वर जातो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडी टाकून धापा टाकते. पावसाळ्यात तूस ओला होतो आणि शेडमध्ये डोळे चुरचुरतात. बंदिस्त, वातानुकूल शेड वाढू लागल्या आहेत. त्यांत उष्म्याचा प्रश्न सुटतो, पण दाटी वाढते आणि वीज गेली की सारेच पक्षी संकटात येतात. या प्रत्येक गोष्टीला आपले असे माप हवे.

हित कोठे फाटते?

आपल्याकडील ब्रॉयलरचा धंदा मुख्यतः करार पद्धतीने चालतो. पिल्ले, खाद्य व औषधे कंपनीची. शेड, पाणी, वीज व श्रम शेतकऱ्याचे. कंपनीचा सुपरवायझर येतो, कार्ड पाहतो, सूचना देतो. तुकडी गेली की किलोमागे ठरलेल्या दराने शेतकऱ्याला संगोपनाचा मोबदला मिळतो. मरतुक कमी आणि खाद्याचा उतारा चांगला असला तर वर काही अधिक, नसला तर कपात. या व्यवस्थेत शेतकऱ्याचे आणि पक्ष्याचे हित पुष्कळ दूर एकत्र चालते. उन्हाने पक्षी मेले तर नुकसान त्याचेच होते, म्हणून तो छपरावर पाणी मारतो, रात्री उठून पडदे पाहतो. अमोनियाच्या त्या हवेत तोही श्वास घेतो आणि त्याची मुलेही. त्याला निर्दय ठरविणारा प्रचार अन्यायाचा तर आहेच, शिवाय तो निरुपयोगीही आहे.

परंतु एका टप्प्यावर ही दोन हिते फाटतात. पस्तिसाव्या दिवशी लंगडणारा पक्षी खाद्याच्या भांड्याजवळ बसून राहिला तरी आणखी आठवडाभरात त्याचे वजन भरते. त्याला वेगळा काढून वेदनामुक्त करावे, तर मरतुकीचा आकडा वाढतो आणि मोबदला घटतो. ज्या हिशेबात दयेला दंड आहे, त्या हिशेबात दया टिकावी कशी? शिवाय पाय कशाने अधू झाले? वाणाने, वाढीच्या वेगाने, खाद्याने. यांपैकी काहीच शेतकरी ठरवीत नाही. म्हणून जेथे हिते एक आहेत तेथे सरकारी नजरेची फारशी गरज नाही. ती हवी आहे जेथे हिते फाटतात नेमकी तेथे. आणि तिचा निष्कर्ष ज्याच्या हाती निर्णय आहे त्याच्या दारी पोहोचला पाहिजे.

हे अशक्य आहे काय? कत्तलखान्याचे दार नसले तरी आपल्याकडे दुसरे एक दार आहे. ते म्हणजे फार्मच्या फाटकाशी असलेला वजनकाटा. तेथे प्रत्येक पक्षी पाय धरून उचलला जातो, म्हणजे प्रत्येक पाय एकदा तरी माणसाच्या हातात येतो. त्यांतून शंभर पक्ष्यांचे पाय कंदिलाच्या उजेडातही पाहता येतील आणि शून्य, एक, दोन असे गुण त्याच कार्डावर लिहिता येतील. विक्रीच्या आठवड्यात शेडमधून एक फेरी मारून किती पक्षी उठत नाहीत हे मोजता येईल. मरतुकीच्या रकान्याशेजारी ‘दुखापतीमुळे काढलेले’ असा वेगळा रकाना घालून त्यास कपातीतून सूट देता येईल. ही कार्डे तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याला पाहण्यास मिळावीत आणि अधूनमधून त्याने स्वतः येऊन पडताळावीत. एकाच कंपनीच्या अनेक फार्मवर पाय अधू आढळले तर खुलासा कंपनीने करावा, शेतकऱ्याने नव्हे. जेथे आधुनिक प्रक्रिया केंद्रे आहेत तेथे युरोपची पद्धत तशीच चालविता येईल. तुकडीच्या हालचालीवरून तिची प्रकृती ओळखणारे कॅमेरे आणि अमोनिया मोजणारी यंत्रे आता उपलब्ध आहेत. परंतु यंत्राचा आकडा कंपनीच्याच कपाटात राहिला, तर ती देखरेख नव्हे. ती जुन्याच हिशेबाची नवी वही होय.

माणसांचे हाल संपलेले नसताना कोंबड्यांची चिंता कशाला, असा आक्षेप यावर येईल. तो प्रामाणिक आहे, पण अपुरा आहे. कोंबडीचे क्षेम आणि माणसाचे आरोग्य या वेगळ्या गोष्टी नाहीत. २०१४ मध्ये दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने दिल्ली परिसरातील ७० नमुने तपासले तेव्हा त्यांतील ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. खाद्यातून सर्रास दिले जाणारे कोलिस्टिन हे माणसासाठी अखेरचा उपाय म्हणून राखलेले औषध. पशुखाद्यातील त्याच्या वापरावर केंद्राला जुलै २०१९ मध्ये बंदी घालावी लागली. जेथे हवा आणि तूस बिघडतो तेथे औषधाचा मोह वाढतो. दाटीवाटीने राहणारा, सोसणारा पक्षी बाटलीच्या आधाराने जगवावा लागतो आणि त्या बाटलीचे बिल अखेर माणसाच्या रुग्णालयात येते.

विश्वासाचीही एक बाजू आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिली बर्ड फ्लूची साथ आढळली, तेव्हा राज्यभर कोंबडीची मागणी कोसळली. २०२० च्या आरंभी कोंबडीमुळे करोना होतो, अशी निराधार अफवा पसरली आणि शेतकऱ्यांना पक्षी मातीमोल भावाने द्यावे लागले. त्या वेळी सरकारने आणि तज्ज्ञांनी दिलेली ग्वाही लोकांना पटली नाही. ज्या फार्ममध्ये एरवी कोणी डोकावत नाही, त्याच्याविषयी ऐन वेळी दिलेल्या ग्वाहीला किंमत किती असणार? वर्षानुवर्षे चालणारी, निष्कर्ष जाहीर करणारी देखरेख ही शेतकऱ्याला अफवेविरुद्ध मिळणारी ढालही आहे.

कोंबडे झाकून ठेवले म्हणून उजाडायचे राहत नाही, असे मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आला आहे. आज शेडमधल्या कोंबडीला पहाट कधी होते हे दिवा लावणारा ठरवितो. तिला झाकणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. पण तिच्या पायांवर जे लिहिले जाते ते झाकले म्हणून पुसले जात नाही. ते वाचावयाचे की टोपलीत टाकावयाचे, एवढाच निर्णय समाजाच्या हाती आहे. अहवाल, मसुदे आणि घटनेतील कर्तव्य हे सारे तयार आहे. हवा आहे तो कार्डावरचा एक रकाना, आणि तो वाचणारा एक माणूस.